बिननावाच्या ओव्या

दगड वेणूच्या कानाजवळून गेला आणि मागच्या जीपच्या काचेत घुसला. काच आधी वाजली, मग ड्रायव्हर ओरडला. दुसरा दगड तिच्या खांद्यावर बसला. ती मटकन खाली बसली. हातातला टॅब तिनं पोटाशी धरला होता, तान्हं मूल धरावं तसा.

"हात आवरा रे! बहीण हाय ती माझी!"

धरणाच्या भिंतीवरून हाक आली आणि दगड थांबले. ड्रायव्हरच्या गालात काचेचा तुकडा उभाच होता. तुकडा उपसायला तो हात नेई आणि मागं घेई. वेणूनं त्याला सावलीत बसवलं आणि एकटीच भिंतीवर चढली.

मे २०४१. सकाळचे नऊ वाजले होते आणि पारा चव्वेचाळीसवर होता. रेणवती नदी खाली नुसत्या खडकांची उरली होती, पण आंबेखोल धरणात वीतभर हिरवं पाणी अजून होतं. त्या वीतभर पाण्यावर वरच्या अंगाच्या अकरा गावांच्या विहिरी जगत होत्या. खालच्या अंगाला राजणी शहर होतं. तिथलं वीजघर या पाण्याशिवाय थंड होत नव्हतं, आणि वीज नसेल तर शहरातली म्हातारी माणसं घरातल्या घरात भाजून मरत होती. गावकऱ्यांनी परवाच दरवाजाच्या मोटारीची केबल तोडली होती. काल दोन ट्रक जळले आणि एका शिपायाची तीन बोटं कोयत्यानं गेली. आता दरवाजा उघडायचा तर हातानं, लोखंडी चाक फिरवून. त्या चाकाला साखळीचे तीन वेढे होते आणि चौथा वेढा वेणूच्या दादाच्या कमरेला होता.

"आलीस व्हय आकड्यांच्या डॉक्टरीणबाई?" दादा हसला. त्याचा खालचा ओठ फाटला होता. "औषध आणलंस का सुई?"

"दादा, साखळी सोड."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. सांधा म्हणतो. चार वाजता दार उघडलं तर अकरा गावांत पाण्यावरून मारामाऱ्या होतील, सव्वीस माणसं जातील. नाही उघडलं तर राजणीत एकेचाळीस."

"म्हंजे आमची सव्वीस चालतील."

"चालतील नाही रे. कमी आहेत."

"कमी." दादानं तो शब्द तोंडात घोळवला आणि रक्तासकट थुंकला. "तुझ्या यंत्राला ती सव्वीस कोण, ते ठावं हाय का?"

ते तर कुणालाच माहीत नव्हतं.

*

सांधा हे नाव तिनंच दिलं होतं. सात देशांतल्या सात संस्थांनी मिळून बांधलेलं ते एक गणित होतं. एका संस्थेकडे हवामान, एकीकडे नद्या, एकीकडे पिकं. कुणाकडे वीज, कुणाकडे माणसांची गावाकडून शहराकडे होणारी हालचाल, कुणाकडे आरोग्य: किती उष्म्यात, कितव्या वर्षी, माणसाचं हृदय थांबतं. आधी प्रत्येकाचं गणित वेगळं चालायचं. वीजवाला म्हणे, पाणी मिळेल असं धरू. पाणीवाला म्हणे, उपसायला वीज असेल असं धरू. दोघंही समोरच्याचं उत्तर गृहीत धरून आपलं उदाहरण सोडवत. सांध्यात ही सगळी उदाहरणं एकमेकांना बांधली गेली. एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न व्हायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याचा, आणि फिरत फिरत ते पहिल्यापाशी परत यायचं. हजारो फेऱ्यांनंतर सातांचीही उत्तरं जुळत. पहिल्या बैठकीत वेणूनं हे जात्यावरून समजावलं होतं: खुंटा एक, पण दोघी समोरासमोर बसून दळतात, एकीनं ओढलं की दुसरीनं सैल सोडायचं. नैरोबीची न्यांबुरा म्हणाली होती, "आपण सात जणी आणि खुंटा एक? हात मोडतील गं."

पैशात काहीच मोजायचं नाही, हे सातही संस्थांनी आधीच ठरवलं होतं. जीव मोजायचे. ज्या वाटेवर कमीत कमी जीव जातात, ती वाट सांध्यानं सांगायची. दोन राज्यांत आणि चार न्यायालयांत अडकलेलं रेणवतीचं भांडण शेवटी कंटाळून खोरे मंडळानं सांध्याच्या हवाली केलं होतं.

सातवा भाग वेणूचा होता. तिच्याकडे माणसांचा राग होता.

तो भाग घालायला तीच हट्टाला पेटली होती. तिचा मामा पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडीनं मेला होता. कागदावर मात्र लिहिलं होतं, 'बांधावरून पडून.' या खोऱ्यात सव्वाशे वर्षं माणसं अशीच बांधावरून पडत आणि साप चावून मरत आली होती. कागद खोटे, मग आकडे आणायचे कुठून? वेणूला ते बायकांच्या तोंडी सापडले. घरातली दगडी जाती कोपऱ्यात गेली तरी लग्नाची हळद दळायच्या निमित्तानं ओवी उरली होती. तिच्यात गाव असे, नक्षत्र असे, मेलेल्याचं नाव असे.

मृगाच्या आधी बाई, पाटाला पाणी थोडं
बांधावर हरिबाचं, रगतात भिजलं जोडं

ही हरिबाच्या बहिणीची ओवी; गाव तिच्या पुढच्या कडव्यात येई. वेणूनं अशा ओव्या दोन वर्षं गोळा केल्या आणि दुष्काळाच्या सालांशी ताडून पाहिल्या. पाणी किती आटलं की किती माणसं कापली जातात, याचं सूत्र त्यातून निघालं. परदेशी सहकाऱ्यांनी विचारलं होतं, गाण्यावर विश्वास कसा ठेवायचा? तेव्हा तिनं कडक नियम घातला. ओवीत गाव आणि नाव, दोन्ही असेल तरच तो मृत्यू धरायचा. बिननावाची ओवी म्हणजे त्याच मरणाची पुन्हा आळवणी. ती सोडून द्यायची. एकशे बारा मृत्यू उरले. सगळे खूश झाले.

न्यांबुरानं एकदा तक्ता पाहून विचारलं होतं, "वेणू, तुमच्या खोऱ्यात लग्न झालेली माणसं मारामारीत मरत नाहीत का? इथं बहुतेक पोरसवदाच दिसतात."

"लग्न झालं की आमची माणसं घाबरट होतात," वेणू म्हणाली होती, आणि पडद्यावरच्या सातही खिडक्यांतली माणसं हसली होती.

*

भिंतीखालच्या शाळेत जखमींना ठेवलं होतं. दादाची बायको, कवसा वहिनी, साडी फाडून पट्ट्या करत होती. एका माणसाच्या डोक्याची कातडी कपाळापर्यंत सोलून आली होती. वहिनीनं ती तळहातानं वर लोटली, जागच्या जागी दाबली आणि फडकं आवळलं. तो गुरासारखा हंबरला.

"सोडली का साखळी ह्यांनी?"

"नाही."

"न्हाईच सोडायचे. माझ्याशी लग्न केलं, पर नांदले त्या धरणासंगं." वहिनी हसली. "बसा, वन्सं. खांदा बघू. आरं देवा, सुजलाय की! तुमच्या त्या यंत्रानं सांगितलं न्हाई का, दगूड येतोय म्हणून?"

तिनं ओलं फडकं खांद्यावर ठेवलं आणि सवयीनं, कामात, गुणगुणायला लागली.

उन्हाळ्याच्या दिसामंदी, आटली रेणवती
कपाळीच्या सूर्याला, झाकिते काळी माती

वेणूला ही ओवी माहीत होती. तिच्या साठ्यात ती होती, 'सोडलेल्या' गठ्ठ्यात.

"ही कुणाची, वहिनी?"

"माझ्या चुलतसासूची. खळ्याकडच्या."

"कुणावर रचलीय?"

"कुणावर म्हंजे? मालकावर. पाण्यावरनं भाले चालले तवा त्यास्नी पोटात बसला. दोन दिस आतडी धरून पडले हुते."

"मग नाव का नाही घातलं?"

वहिनीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं ताप चढलेल्या पोराकडं बघावं. "नाव कसं घालतील? उखाण्यात घ्यायचं तेवढंच. ओवीत मालकाचं नाव घेत्यात का कुठं? जिता असला तर आयुष्य घटतं. गेला असला तर वाट अडते त्याची, जीव मागं वळतो. तुमची आई न्हाई का म्हणायची? तुमाला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. अंगावरच्या तिळासारखं ठाऊक होतं, म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. बाहेरच्यांपुढं आपलं काम चोख दिसावं म्हणून तिनं नियम केला, आणि त्या नियमानं खोऱ्यातल्या सगळ्या विधवा वगळल्या. लग्न झालेल्याची बहीण परगावी नांदते, आई बऱ्याचदा आधीच गेलेली असते. मागं गाणारी राहते ती बायको, आणि बायको नाव घेत नाही.

तिनं टॅब उघडला. बिननावाच्या, पण गाव आणि काळ ओळखू येणाऱ्या, एकमेकींहून वेगळ्या ओव्या: एकशे एकाहत्तर.

"किती वाजले?"

"धाला धा कमी."

*

नैरोबीत सात वाजून वीस मिनिटं झाली होती. न्यांबुरा दात घासत पडद्यावर आली. वेणूनं चार वाक्यांत सांगितलं. न्यांबुरानं तोंडातला फेस थुंकला आणि बेरीज केली.

"एकशे बाराचे दोनशे त्र्याऐंशी," ती म्हणाली. "माझ्याकडं पण विधवा नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तेव्हा विचारलं, आणि मग तुमच्याबरोबर हसले."

"सही हवीय तुझी. दोन देशांच्या सह्यांशिवाय आकडे बदलता येत नाहीत."

"सही देते. पण एक लक्षात घे. उत्तर उलटलं तर राजणीतली एकेचाळीस तू निवडलेली असतील. तुझा भाऊ त्या साखळीला आहे, हेही लोक बोलतील."

"माहीत आहे."

"मग दाखव त्या ओव्या. नियम तुझा म्हणून एकदा न वाचता मान्य केला. आता वाचणार."

पहिल्या वीस तिनं एक एक करून ऐकल्या, अर्थ विचारून, मग सही केली. सांध्याची नवी फेरी दहा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. सातही भागांची उत्तरं पुन्हा जुळायला सहा तास लागणार होते. चार वाजून वीस मिनिटं. दरवाजा उघडायचा आदेश चारचा होता.

वेणू धावत शाखा अभियंता देठ्यांकडे गेली. देठे कंट्रोल रूमच्या दारात बसले होते. त्यांच्या डोळ्याखाली काळानिळा वळ होता.

"साहेब, वीस मिनिटं थांबा. फक्त वीस."

"बाई, आदेश सांध्याचा आहे. म्हणजे तुमचाच." देठ्यांचा आवाज सपाट होता. "पाच मिनिटं मी पाणी पिण्यात घालवीन. पाच चाकाच्या कुलपाची किल्ली शोधण्यात. वीस कशी घालवू? राजणीहून चार ट्रक निघालेत. पोलीस अठरा आहेत, त्यातले अकरा जखमी. ती माणसं आली की मला विचारणार नाहीत."

मग ती भिंतीवर गेली. दादा उन्हात डोळे मिटून बसला होता. साखळी तापून त्याच्या कमरेला फोड आले होते.

"दादा, साडेचारपर्यंत धर."

त्यानं एक डोळा उघडला. "काय?"

"दार धर. मी चुकले होते. आपली माणसं मी अर्धीसुद्धा मोजली नव्हती. नवं उत्तर चार वीसला येईल. तेवढं धर."

दादा मोठ्यानं हसला. हसताना ओठ पुन्हा फाटला. "सकाळी सोड, आता धर! वेणे, ल्हानपणी पतंगाचं असंच करायचीस." मग तो हळू बोलला. "वैनीला सांग, दुपारी भाकर नको. ह्या उन्हात चावत न्हाई. ताक दे म्हणावं."

*

ट्रक पावणेचारला आले. माणसं टपाटप खाली उडी मारू लागली, कुणाच्या हातात गज, कुणाच्या सळया, एकाकडं लग्नातली तलवार. ती गुंडांसारखी दिसत नव्हती. एकजण बँकेतला असावा, खिशाला पेन होतं. एकजण दवाखान्यातल्या वॉर्डबॉयच्या निळ्या कपड्यात होता आणि सारखा ओरडत होता, "माझी आई मशीनवर आहे! बॅटरी तासाभराची आहे!"

पहिली फळी दगडांनी अडवली. निळ्या कपड्यातल्याच्या शेजारचा माणूस तोंडावर दगड बसून खाली गेला, त्याच्यावरून बाकीचे आले. कोयते निघाले. भिंतीवरची वाट दोन माणसं जातील एवढीच होती, म्हणून मारणारा आणि मरणारा एकमेकांच्या श्वासात होते. वेणूनं एका माणसाचा हात कोपरापाशी लोंबताना पाहिला. एकाला दोघांनी कठड्यावरून ढकललं, तो खालच्या खडकावर पडला, आणि तो आवाज ओल्या पोत्यासारखा आला. कुणीतरी 'आई गं' म्हणालं. कुठल्या बाजूचा होता, कळलं नाही. दोन्हीकडची माणसं आईलाच हाक मारत होती.

चार वाजून दहा. देठे किल्ली शोधत होते. खरंच शोधत होते, एकच खण तिसऱ्यांदा उघडत होते.

"साखळी तोडा!" बँकवाल्यानं कटर साखळीला लावला. दादानं त्याच्या मनगटाला दातांनी धरलं. गज त्याच्या पाठीत बसला, पुन्हा बसला. दादा चाकावर पालथा पडला आणि चाकाला त्यानं मिठी घातली. त्याच्या कमरेचा वेढा त्यालाच हलू देत नव्हता.

"सोड ना रे!" निळ्या कपड्यातला रडत होता. "सोड ना! आई मरतेय माझी!" आणि रडत रडतच त्यानं दोन्ही हातांनी गज उचलला आणि दादाच्या डोक्यात घातला.

वेणू माणसांच्या पायांमधून रांगत तिथवर पोचली. तिच्या पाठीवर कुणी पाय दिला, बोटांवर दिला. दादाचा एक डोळा उघडा होता. सकाळी उघडला होता तोच.

टॅब वाजला. चार वीस.

दार उघडल्यास अठ्ठावन्न. न उघडल्यास एकेचाळीस. दार उघडू नये. राजणीतले आजारी व वृद्ध तातडीनं शेजारच्या जिल्ह्यात हलवावेत.

देठ्यांनी भोंग्यावरून ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला. लोकांचे हात हळूहळू खाली आले. निळ्या कपड्यातला माणूस गज टाकून दादाशेजारी बसला आणि त्याच्या डोक्यातून वाहणारं रक्त ओंजळीनं आत लोटायला लागला. पाणी सांडलं म्हणजे लोटतात तसं.

*

त्या दुपारी भिंतीवर नऊ माणसं गेली. राजणीत आठवड्याभरात तेहतीस गेली. त्यांत एक बाई मशीनवरची होती. राजणीतल्यांची नावं दवाखान्यांच्या याद्यांतून सांध्याकडे आपोआप आली.

भिंतीवरच्या नवांची नोंद वेणूच्या भागात करायची होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाच्या ओसरीवर टॅब घेऊन बसली. आठ नोंदी झाल्या. नवव्या ओळीवर बोट थांबलं. जन्मभर तिनं त्याला दादाच म्हटलं होतं. नाव माहीत असूनही बोटांना ते ओळखीचं वाटेना.

"मोकळं ठेव," न्यांबुरा पडद्यावरून म्हणाली. "आता बिननावाचे पण धरतो आपण."

वहिनी उंबऱ्यावर येऊन बसली. कपाळ उघडं होतं. कुंकवाच्या जागी गोल, फिकट कातडी दिसत होती, भिंतीवरची तसबीर काढल्यावर दिसते तशी.

"ती कोण?"

"न्यांबुरा. माझ्याबरोबर काम करते."

"तिला बी ऐकू दे." वहिनीनं पदर सारखा केला आणि जमिनीकडं बघत, जात्यावर बसल्यासारखी पुढं-मागं झुलत, म्हणाली:

दाराच्या साखळीला, रगताचं झालं पाणी
सखाहरी नाव त्यांचं, पुसू नगा आता कुणी

आजूबाजूच्या दारांतल्या बायका चपापल्या. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

"वहिनी," वेणूनं टॅब मांडीवर ठेवला. "नाव नसलं तरी आता धरतात. घ्यायची गरज नव्हती. वाट अडते ना त्याची?"

"अडू दे." वहिनी ताकाच्या गाडग्याकडं बघत होती. दादाला द्यायचं राहिलेलं ते त्या दिवसापासून तसंच फडताळात होतं. "घाई कुठं हाय त्यास्नी? लिवा तुमी. सखाहरी. मागं वळून बघतील तर बघू द्या की एकदा."

वेणूनं लिहिलं. ती मान वर करते तो मघाची म्हातारी, खळ्याकडची चुलतसासू, भिंतीला धरत पायरीशी आली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. साठ वर्षांत न उच्चारलेलं काहीतरी ती जिभेवर शोधत होती.

"बसा, आत्ती," वहिनी सरकून तिला जागा करत म्हणाली. "सावकाश आठवा. ह्या थांबतील."